बॉलला मासे मोजता येत नाहीत

“बॉल पाण्यात फेका, फोनवर मासे बघा, दिसतील तिथे गळ टाका. मासा हमखास!” हा मजकूर सध्या जो तो पुढे ढकलतोय. सोबत फोनच्या पडद्याचा फोटो, त्यावर माशांची चित्रं नुसती दाटलेली. हा बॉल म्हणजे फेकायचा फिश फाइंडर, दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवायचं आणि फोनवर चित्र दाखवणारं मासे शोधायचं यंत्र. तो मी स्वतः वापरतो आणि मला आवडतोही. म्हणूनच या मजकुरातलं आणि त्याच्यासोबत फिरणारं एकेक वाक्य तपासायला हवं.

“चित्र दिसलं म्हणजे मासा.” नाही. बॉल खाली ध्वनीचे ठोके सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने परत आला त्यावरून खोली काढतो. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण 1,480 मीटर धावतो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरून ध्वनी चांगला उलटतो, म्हणून मासा दिसतो. पण यंत्राला एवढंच कळतं की पृष्ठभाग आणि तळ यांच्या मध्ये काहीतरी आहे. ते काहीतरी बुडालेली फांदी असेल, पाणगवताचा शेंडा असेल, चिखलातून वर येणारे बुडबुडे असतील. त्यावर माशाचं चित्र चिकटवतं ते ॲप, अंदाजाने. सेटिंगमध्ये जाऊन ही चित्रं बंद करा आणि कच्चा प्रतिध्वनी वाचायला शिका. पहिले काही दिवस नुसता गोंधळ दिसेल, पण खरी माहिती तिथेच असते.

“पडद्यावर दहा मासे, म्हणजे पाण्यात दहा मासे.” सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे, मीही फसलोय. पडदा म्हणजे तलावाचा फोटो नव्हे. उजवी कड म्हणजे ‘आत्ता’. डावीकडे सरकत गेलेलं सगळं होऊन गेलेलं. बॉल एका जागी तरंगत असेल आणि खाली एकच मासा घुटमळत असेल, तर तो पाच वेळा येऊन पाच खुणा उमटवतो. तो स्थिर राहिला तर लांबलचक रेघ येते. अशीच एक रेघ बघून मी ‘अबब, केवढा हा!’ म्हणत अर्धी सकाळ घालवली होती. रेघेची लांबी म्हणजे मासा किती वेळ खाली होता ते. तो किती मोठा आहे ते नव्हे.

“आख्खा तलाव दिसतो.” बॉल फक्त खाली बघतो, शंकूच्या आकारात. 15 अंशांचा अरुंद शंकू घेतला तर 3 मीटर खोलीवर त्याचं वर्तुळ जेमतेम 80 सेंटिमीटर रुंद. 55 अंशांचा रुंद शंकू तेवढ्याच खोलीवर 3 मीटरच्या आसपास पसरतो, 10 मीटरवर 10 मीटरहून थोडा जास्त. रुंद शंकूत जास्त दिसतं खरं, पण मासा वर्तुळात नेमका कुठल्या बाजूला आहे हे पडदा सांगत नाही. कडेवरचा मासा तिरक्या अंतरामुळे आहे त्याहून खोल भासतो. उतरत्या तळाला चिकटून बसलेला मासा तर तळाच्या प्रतिध्वनीतच बुडून जातो. पडदा रिकामा दिसला म्हणून जागा रिकामी असतेच असं नाही.

“दिसला की गळ टाका, लागणारच.” मासा असणं वेगळं आणि त्याला भूक असणं वेगळं, हे गळ टाकणाऱ्याला कुणी शिकवायला नको. त्यात उथळ पाण्यात बॉल धपकन पडला की होते तेही पसार. ठोक्यांना मासे बिचकतात, असंही काही जण म्हणतात. त्यात फारसं तथ्य नाही. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना फार तर काही हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं आणि हे ठोके सहसा 90,000 हर्ट्‌झच्या वरचे. दोष त्या धपकन आवाजाचा. म्हणून बॉल हव्या त्या जागेच्या पलीकडे टाकून सावकाश ओढत आणावा.

“कुठलीही काठी चालते.” असे बॉल साधारण 50 ते 100 ग्रॅमचे असतात. गळाच्या हलक्या काठीने फेकायला गेलात तर काठी तरी मोडेल, नाहीतर दोरी तुटून बॉल तरी जाईल.

“रेंज नसेल तर बंद.” हेही चूक. बॉल आपलं वायफाय किंवा ब्लूटूथ स्वतःच सोडतो, इंटरनेट लागत नाही. मात्र हे रेडिओ सिग्नल पाण्यातून जवळजवळ जात नाहीत. जोरात ओढताना बॉल पाण्याखाली गेला की चित्र तुटतं आणि लोक यंत्र बिघडलं म्हणून बसतात.

मग उपयोग काय? तळ. 2 मीटरवरून एकदम 4 मीटरवर जाणारी कड, गवत जिथे संपतं ती जागा, कडक तळाचा ठळक पट्टा आणि मऊ गाळाचा फिका, हे काठावर बसून दुसऱ्या कशाने इतकं झटपट कळत नाही. ती खोली बघायची, तरंगा (गळाच्या दोरीवर तरंगणारी खूण) त्या मापावर बांधायचा आणि गळ टाकण्याआधी बॉल बाहेर काढून पिशवीत ठेवायचा. पाण्यात राहिला तर लागलेला मासा त्याच्याच दोरीत गुंडाळी घेतो.