दोन किलोचं दळण

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझी पिठाची गिरणी आहे, वडलांपासूनची. दळणावरनं घर कळतं. लग्न ठरलं की डबे वाढतात, पोरगं पुण्याला नोकरीला लागलं की निम्मे होतात. आणि घरात एकटं म्हातारं माणूस उरलं की डबा यायचा बंद होतो, पिशवी येते.

आमच्या गल्लीतली एक आज्जी दर पंधरा दिवसांनी अशी पिशवी घेऊन येते. रेशनचा गहू, जेमतेम दीड-दोन किलो. एकदा म्हटलं, "आज्जी, महिन्याचं एकदमच टाक की, सारखी खेप कशाला?" तर म्हणाली, "उचलंत न्हाई रं बाळा."

तेव्हापासून डोक्यात हे घोळतंय, म्हणून आज लिहितोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

सरकार म्हाताऱ्यांना काही देत नाही असं मी म्हणणार नाही. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, अंत्योदय कार्डाला ३५ किलो, तेही २०२३ पासून फुकट. निराधार म्हाताऱ्यांसाठी अन्नपूर्णा योजना २००० साली निघाली होती, महिना १० किलो. श्रावणबाळ पेन्शनचे महिना दीड हजार खात्यावर येतात. कागदावर बघितलं तर आज्जी उपाशी राहायचं कारण नाही.

आता हे धान्य ताटात येईपर्यंतचा रस्ता बघा. आधी अंगठा. आयुष्यभर चार घरची भांडी राखेनं घासलेल्या बाईच्या बोटावर रेषा कुठनं राहणार? एकदा मीच तिला घेऊन दुकानात गेलो होतो. मशीन काही अंगठा घेईना. तिनं तो पदराला पुसला, मग केसांत फिरवला, म्हणजे जरा तेलकट होईल. मागच्या रांगेतलं कोणतरी "आज्जी, हात धुऊन या जावा" म्हणालं आणि ती बिचारी खरंच नळ शोधायला निघाली. सहाव्या खेपेला करंगळी शेजारचं बोट लागलं. डोळ्याचं मशीन, दुसऱ्याला नेमून धान्य आणायची सोय, हे सगळं नियमात आहे. पण ते तिला सांगणार कोण? मलाही नंतर कळलं.

अंगठा लागला की ओझं. २०२५ च्या जूनमध्ये पावसाच्या आधी तीन महिन्यांचं धान्य एकदम दिलं होतं. हेतू चांगलाच होता, पण एकट्या बाईच्या वाट्याला १५ किलो आले आणि नेणार कोण हा प्रश्न. पुढं निवडणं, दळण, गॅस. कणीक मळायला मनगटात जोर पाहिजे आणि चपाती चावायला दात. डाळ, तेल, भाजी विकतचीच. दीड हजारातनं गोळ्या आणि सिलिंडर गेल्यावर भाजीला किती उरतात, हिशेब करा. म्हणून ती बहुतेक दिवस गुरगुट्या भात करते आणि मीठ घालून खाते. त्यात तिला शुगर.

काही म्हातारी माणसं रेशनचा तांदूळ विकतात म्हणून फेसबुकवर बोंब मारणारे आहेत. मारा. तांदूळ विकून एखादी आज्जी दूध आणि दोन केळी आणत असेल, तर तिला तुमच्यापेक्षा आहारशास्त्र जास्त कळतं असं मी म्हणेन.

माझं म्हणणं एवढंच आहे की पंचाहत्तरीच्या माणसाला धान्य नको, जेवण पाहिजे. शाळेतल्या पोराला आपण गहू-तांदूळ देऊन 'घरी जाऊन शिजव' म्हणत नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात पोरांच्या आणि गरोदर बायकांच्या जेवणाचा हक्क वेगळा लिहिलाय, म्हाताऱ्यांचा नाही. तामिळनाडूत शाळेच्या जेवणात वृद्ध पेन्शनवाल्यांना १९८३ साली सामील करून घेतलं होतं. म्हणजे ही काही चंद्रावरची गोष्ट नाही.

आपल्याकडं शिवभोजन आहे. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. योजना मला मनापासून आवडते. पण आज्जीला केंद्रापर्यंत जायला रिक्षाच लागते, दहाच्या थाळीला साठ रुपये भाडं. करोनात याच थाळीचं पार्सल द्यायला परवानगी होती. मग साठीच्या, सत्तरीच्या पुढच्यांना ती कायमची का नको? शहरात थाळीमागं ४० रुपये सरकार घालतंच. तेच वेळेवर द्या, वर पोचवणाऱ्याचे चार पैसे घाला.

"अंबाबाईच्या अन्नछत्रात जात जा की," असं मीही तिला सुचवलं होतं. ती म्हणाली, "देवाच्या दारात वर्षातनं एकदा जेवायचं. रोज गेलं की त्याला दुसरं नाव हाय." परत तो विषय मी काढला नाही.

पेठेपेठेत आपल्या तालमी आहेत. महाप्रसादाला हजारोंच्या पंगती उठवतो आपण. २०१९ च्या पुरात घराघरातनं चपात्या गोळा केल्या, मीही पीठ दिलं होतं. पाणी आलं की आपल्याला भूक दिसते, पाणी उतरलं की दिसत नाही.

आमच्या गल्लीपुरतं म्हणाल तर अशा तीन आज्ज्या आणि एक आजोबा निघाले. शेजारच्या बचत गटाच्या बायका दुपारचा डबा करायला तयार आहेत, पीठ माझं, पोचवायला तालमीतली दोन पोरं. दर सोमवारी ज्याच्या त्याच्याकडनं डब्यामागं दहा रुपयांप्रमाणे पैसे घ्यायचं ठरलंय, कारण फुकट म्हटल्यावर आज्जीनं डबा घेणार नाही असं आधीच सांगितलंय. शिवाय तिची आणखी एक अट आहे, आमटी तिखट नको. हे बचत गटाच्या कोल्हापुरी बायकांना जाऊन सांगायचं काम माझ्याकडं आलंय.