खुलासा: ग्राहक कायदा डॉक्टरांना आजही लागू आहे, इंडेम्निटी पॉलिसी बंद करू नका

'2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून आरोग्यसेवा वगळली, आता डॉक्टरांना इंडेम्निटी विम्याची गरज नाही' असा मेसेज डॉक्टरांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. (इंडेम्निटी विमा म्हणजे उपचारातील चुकीबद्दल रुग्णाने भरपाई मागितली तर डॉक्टरांना संरक्षण देणारा विमा.)

विधेयकाच्या मसुद्यात 'सेवा' या व्याख्येत आरोग्यसेवेचा उल्लेख होता आणि तो पुढे काढला गेला, एवढे खरे. पण पैसे घेऊन दिलेले उपचार ही सेवाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' खटल्यात ठरवले. नवा कायदा आल्यावर हाच वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. 2021 मध्ये डॉक्टरांना या कायद्यातून वगळा म्हणणारी याचिका फेटाळली गेली, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले.

या मेसेजवर विसंबून पॉलिसी सोडणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते. आपल्याकडे ही पॉलिसी साधारणपणे दावा कधी आला ते पाहते. उपचार 2023 मध्ये, पॉलिसी 2024 मध्ये बंद, नोटीस 2025 मध्ये, तर जुने हप्ते भरलेले असूनही संरक्षण बहुधा मिळत नाही. म्हणून नूतनीकरणात खंड नको. कंपनी बदलताना जुनी रेट्रोअॅक्टिव्ह तारीख (ज्या तारखेपासूनच्या उपचारांवरचे दावे पॉलिसी धरते ती तारीख) नव्या पॉलिसीत लिहून घ्या. निवृत्त होणाऱ्यांनीही, नंतर आलेल्या दाव्याला संरक्षण मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे.

फौजदारी शिक्षा किंवा दंड मात्र कुठलीच पॉलिसी भरत नाही. रुग्णालयाच्या पॉलिसीत व्हिजिटिंग डॉक्टर आहेत की नाहीत, हे कागद मागून वाचा. तोंडी आश्वासनावर राहू नका.