‘घरबसल्या बारा हजार’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब

एक मेसेज पुन्हा फिरतोय. मजकूर असा: ‘पगारदारानं टॅक्स भरायचा आणि शेतकऱ्यानं घरबसल्या बारा हजार घ्यायचे. खत फुकट, कर माफ, वर कांद्याला अनुदान. एवढं घेऊनही भावासाठी रस्त्यावर!’

आधी ते बारा हजार. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6,000. म्हणजे महिन्याला हजार रुपये, तेही माणशी नव्हे. नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं मिळून एका कुटुंबाला. आयकर भरणारे नियमानं अपात्र आहेत. तरी काहींनी हप्ते उचलले, सरकारला वसुली करावी लागली. मेसेजवाल्यांचा राग त्यांच्यावर असता तर मी गप्प बसलो असतो. पण दुसरी बाजू त्यांना माहीतच नसावी. हा पैसा सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतो. दुसऱ्याचं रान बटईनं किंवा खंडानं कसणारा वर्षभर राबतो आणि त्याच्या खात्यात यातला छदामही येत नाही. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन विकत घेतलेलाही बाहेरच. वारसानं आली असेल तरच सूट.

खत फुकट नाही. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. ती तयार करायला याच्या कितीतरी पट खर्च येतो आणि फरक सरकार भरतं, हे खरं. दुकानातल्या पॉस मशीनवर विक्रीची नोंद झाली की ती रक्कम खत कंपनीला मिळते. शेतकऱ्याला गोणी स्वस्त पडते, हातात रोकड येत नाही.

कर माफ? आयकर माफ आहे, आणि मोठ्या बागायतदारांच्या बाबतीत त्यावर जरूर वाद घालावा. पण 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर आहे. एवढ्या रानातून आयकराच्या मर्यादेपर्यंत पोचणारे किती निघतील? शिवाय कीटकनाशकावर 18 टक्के जीएसटी तो देतोच. व्यापाऱ्याला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, शेतकऱ्याला नाही.

आता कांदा. इथे मेसेजनं अर्धीच गोष्ट सांगितली आहे. 2023 च्या सुरुवातीला भाव कोसळले तेव्हा राज्यानं क्विंटलला 350 रुपये अनुदान जाहीर केलं. मर्यादा 200 क्विंटल, म्हणजे कितीही पिकवा, 70,000 च्या वर काही नाही. 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या दोन महिन्यांत विकलेला मालच धरला. बाजार समितीतली विक्रीची पट्टी हवी, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, राहून गेलेल्यांची यात कोण धावपळ झाली. एवढं करून पैसे आले ते काही महिन्यांनी, हप्त्याहप्त्यानं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रानं कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. नाशिकच्या बाजार समित्यांमध्ये काही दिवसांतच भाव क्विंटलमागे हजाराहून जास्त उतरला. बंदी उठली मे 2024 मध्ये, तेव्हाही 40 टक्के शुल्क होतंच. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून हे केलं. सरकारचा हेतू समजू शकतो. पण त्याचं बिल कोणी भरलं? उन्हातान्हात रस्त्यावर उतरलेली माणसं हेच विचारत होती, आणखी अनुदान मागत नव्हती.

हा प्रकार एकट्या कांद्याचा किंवा एका वर्षाचा नाही. ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना आणि इक्रिअर ही दिल्लीची संशोधन संस्था, या दोघांनी 2018 मध्ये भारताच्या शेतीधोरणाचा हिशेब मांडला. खतासारखी अनुदानं जमेला धरली, निर्यातबंदी आणि बाजारातल्या निर्बंधांमुळे भावात झालेलं नुकसान वजा केलं. 2000-01 ते 2016-17 या काळात शेतकऱ्याला मिळालेल्या निव्वळ आधाराची सरासरी निघाली शेतीच्या एकूण उत्पन्नाच्या उणे 14 टक्के. म्हणजे दिलं त्यापेक्षा काढून घेतलं जास्त.