लेअर्स आणि मानपान

फोटोशॉपमध्ये लेअर्स आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. तोवर फोटोवर अक्षरं एकदा टाकून पुढचं काम केलं, की ती फोटोतच मुरायची. आता फोटो, मजकूर, मोर-समया, सगळ्यांचे थर वेगवेगळे. हवा तो थर सरकवा, झाका, मागे टाका. ही सोय ज्यांनी काढली, त्यांना बहुधा चुलते नसावेत.

आत्याच्या पंचाहत्तरीचा फ्लेक्स माझ्याकडे आला, कारण घरात ‘कॉम्प्युटरचं’ मी बघतो. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की हाक मला. आत्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला, तो इतका बारका की सहा बाय चारवर ताणल्यावर नाक कुठलं आणि नथ कुठली ते कळेना. चुलतबहिणीनं नेटवरचा कलश धाडला, ‘बॅकग्राउंड काढलेला’ म्हणून. मोकळी जागा दाखवायला सॉफ्टवेअर करड्या-पांढऱ्या चौकड्या दाखवतं. या कलशामागे त्या चौकड्या चित्रातच होत्या. आत्या बाथरूमच्या टाइल्ससमोर उभी असल्यासारखी दिसायला लागली.

मजकूर टाकला तर ‘हार्दिक’चा रफार खाली उतरून पाय मोडका र झाला आणि वेलांटी द ओलांडून पलीकडे गेली. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठी सेटिंगमध्ये वेगळा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सोय, निवडावा लागायचा आणि माझी आवृत्ती जुनीच. तो शोधेपर्यंत काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

चित्राकडे त्यांनी पाहिलंच नाही. बाजूची लेअर्सची यादी वाचली. तोरण, शुभेच्छा, आत्या, कलश, मोर, काका.

“मी मोराच्या खाली?”

“काका, तो मानाचा क्रम नाही. यादीत जो वर, तो चित्रात पुढे, एवढंच.”

“मग मला पुढे घे.”

घेतलं. तोरणाची मधली पानं त्यांच्या टकलामागे गेली, ‘शुभेच्छा’तला ‘शु’ही गेला. काका खूश.

राहता राहिले धाकटे काका. जमिनीच्या वाटणीपासून दोघा भावांचं बोलणं बंद, पण आत्याचा जीव धाकट्यावर. गाळले तर आत्या रुसणार, ठेवले तर हे. मी त्यांची ओपॅसिटी चाळीस टक्क्यांवर आणली. धाकटे काका आहेतही आणि त्यांच्यातून मागचा मोरही दिसतोय. काकांनी मान डोलावली.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. स्क्रीनकडे बघून कप तसाच हातात.

“अगंबाई! भाऊजी गेले?”

काका दचकले. जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “शंभर टक्के कर त्याला. पण माझ्या मागे.”