सीआयटीएस नसेल तर नेमणूक आपोआप रद्द? फिरणाऱ्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

आयटीआयमधल्या शिल्पनिदेशकांच्या, म्हणजे तिथे व्यवसाय शिकवणाऱ्या शिक्षकांच्या, भरतीचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने निदेशकांना सीआयटीएस (शिकवायचं कसं याचं वर्षभराचं प्रशिक्षण) सक्तीचं केलं आहे. केंद्राचा आदेश राज्याच्या नियमाच्या वर असतो. कुलगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. म्हणून सीआयटीएस नसलेल्यांच्या नेमणुका आपोआप रद्द होतात.’ यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. पुढची तीन त्यातून निघत नाहीत.

‘सीआयटीएस सक्तीचं आहे.’ जोडारी, वीजतंत्री, संधाता, कुठल्याही व्यवसायाचा केंद्रीय अभ्यासक्रम उघडा. त्यात निदेशकाची पात्रता दिलेली असते: पदवी असेल तर एक वर्षाचा अनुभव, पदविका असेल तर दोन वर्षांचा, आयटीआयचं किंवा शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र असेल तर तीन वर्षांचा. दोन तुकड्यांच्या दोन निदेशकांपैकी एक पदवी-पदविकाधारक हवा, दुसरा आयटीआय झालेला, आणि दोघांकडेही राष्ट्रीय शिल्पनिदेशक प्रमाणपत्र, म्हणजे सीआयटीएस पूर्ण केल्यावर मिळणारं प्रमाणपत्र, हवं. केंद्राची भूमिका स्पष्ट आहे आणि माझ्या मते ती योग्यही आहे. लेथवर उत्तम काम करणाऱ्याला ते काम सोळा वर्षांच्या मुलाला सुरक्षितपणे शिकवता येईलच असं नाही. निदेशक घडवण्याचं पहिलं केंद्र १९४८ साली बिलासपूरजवळ कोनीला निघालं, ते याच गरजेतून.

‘केंद्राचा आदेश राज्याच्या नियमाच्या वर.’ इथे सगळा घोटाळा आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५४ नुसार वरचढ ठरतो तो संसदेचा कायदा, तोही समवर्ती सूचीतल्या, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा, विषयावर. पत्र, मार्गदर्शक सूचना, अभ्यासक्रमातला तक्ता हे त्या अर्थाने कायदे नव्हेत. उलट अनुच्छेद ७३ चं परंतुक सांगतं, की ज्या विषयांवर राज्य विधिमंडळालाही कायदा करता येतो तिथे, संविधानात किंवा संसदेच्या कायद्यात स्पष्ट तरतूद असल्याशिवाय, केंद्राचा कार्यकारी अधिकार राज्यात चालत नाही.

व्यावसायिक प्रशिक्षण समवर्ती सूचीत येतं (नोंद २५), पण राज्याच्या लोकसेवा राज्यसूचीत आहेत (नोंद ४१). आयटीआयचा दैनंदिन कारभार १९५६ पासून राज्यांकडे आहे. सरकारी आयटीआयतला निदेशक हा राज्याचा कर्मचारी आहे. त्याचे सेवाप्रवेश (भरतीचे) नियम अनुच्छेद ३०९ च्या परंतुकाखाली राज्यपालांच्या नावे केले जातात आणि त्यांना कायद्याचं बळ असतं.

यावर काहीजण म्हणतात, की नियम गप्प असेल तिथे कार्यकारी सूचना पोकळी भरू शकते. बरोबर. संतराम शर्मा विरुद्ध राजस्थान राज्य या १९६७ च्या निकालात तेच आहे. पण त्याच निकालात हेही आहे, की अशा सूचना नियमाला बगल देऊ शकत नाहीत. शिवाय तिथल्या सूचना त्या राज्य सरकारच्या स्वतःच्या होत्या. केंद्राचं पत्र राज्याने स्वीकारलंच नसेल, तर पोकळी भरण्याचा प्रश्न पुढे सरकत नाही. आणि नियमात पात्रतांची पूर्ण यादी दिलेली असताना तिला आणखी एक अट जोडणं ही माझ्या मते दुरुस्ती आहे, आणि दुरुस्ती नियमातच व्हायला हवी.

अर्थात, नियमात किंवा जाहिरातीतच ‘परिषदेने (व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने) वेळोवेळी विहित केलेली अर्हता’ अशी शब्दयोजना असेल, तर चित्र पालटतं. तेव्हा केंद्राची अट राज्याच्या नियमातूनच आत येते. म्हणून आधी नियम आणि जाहिरात शब्दशः वाचा.

‘कुलगुरूंच्या खटल्याने हे ठरलं.’ गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंच्या नेमणुकीच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम वरचढ मानले, हे खरं. पण आयोग संसदेच्या १९५६ च्या कायद्याने स्थापन झाला आहे आणि त्याचे विनियम त्याच कायद्याखाली केलेले, संसदेपुढे ठेवले जाणारे असतात. तरीही २०१५ मध्ये मदुराई कामराज विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं होतं, की राज्याने स्वीकारल्याशिवाय ते विनियम राज्य विद्यापीठावर बंधनकारक नाहीत. म्हणजे कायद्याचा आधार असतानाही वाद झाला. शिक्षकांच्या टीईटीचा (पात्रता परीक्षेचा) दाखलाही असाच दिला जातो, पण टीईटीमागे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २३ आहे. व्यवसाय प्रशिक्षणाची जुनी परिषद, म्हणजे एनसीव्हीटी, १९५६ ची. तिची जागा घेणारी एनसीव्हीईटी डिसेंबर २०१८ च्या सरकारी अधिसूचनेने आली. दोन्ही कार्यकारी निर्णयातून जन्मल्या. संसदेने त्यांच्यासाठी कायदा केलेला नाही.

‘नेमणुका आपोआप रद्द.’ सरकारी नोकरीत असं आपोआप काही होत नाही. नोटीस लागते, म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कारणांसह आदेश काढावा लागतो, आणि त्याविरुद्ध मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाता येतं. भरती सुरू झाल्यावर पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत, नियमांत किंवा जाहिरातीतच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी. तेज प्रकाश पाठक प्रकरणात ७ नोव्हेंबर २०२४ रोजी घटनापीठाने हेच ठरवलं आहे.

मग केंद्राच्या अटीला काहीच दात नाहीत का? आहेत, पण ते संलग्नतेत, म्हणजे आयटीआयतल्या तुकडीला मिळणाऱ्या केंद्राच्या मान्यतेत, आहेत. संस्थेने मानकं पाळली नाहीत तर तिथल्या तुकडीची संलग्नता धोक्यात येऊ शकते. राज्य आणि केंद्राच्या या ओढाताणीत पहिला मार बसेल तो तुकडीतल्या प्रशिक्षणार्थींना, कारण त्यांच्या राष्ट्रीय प्रमाणपत्राचा पाया संलग्नता हाच आहे. नियुक्त निदेशकांवर तुटून पडणाऱ्या संदेशांत या मुलांचा उल्लेखही नसतो, याचा मला मनापासून राग येतो.

मागणी करायचीच तर ती राज्य सरकारकडे, आणि नेमकी करावी. सेवाप्रवेश नियमांत सीआयटीएसची अट पुढच्या भरतीपासून आणा. वर्षभराचं प्रशिक्षण हातातलं काम सोडून घेणं ज्यांना परवडत नाही, त्यांना नेमणुकीनंतर ठरावीक मुदतीत, पगारी रजेवर ते पूर्ण करू द्या. आधीपासून शिकवणाऱ्यांसाठी पूर्वअनुभवाच्या मूल्यमापनातून प्रमाणपत्र मिळवण्याची सोय केंद्राच्याच योजनेत आहे; राज्याने आपल्या निदेशकांना त्या परीक्षेला स्वतःच्या खर्चाने बसवावं.