चुकीचा पत्ता म्हणजे पेज फॉल्टच, हे खरं नाही

व्हर्च्युअलायझेशन (एका यंत्रावर आभासी यंत्रं चालवणं) शिकणाऱ्यांमध्ये एक सूत्र हातोहात फिरत असतं: ‘हायपरव्हायझरने अडवलेल्या इन्स्ट्रक्शनमधला पत्ता चुकीचा निघाला तर गेस्टला पेज फॉल्ट द्यायचा. पत्ता हार्डवेअरने आधीच तपासलेला असतो. काही हुकलंच, तर फार तर गेस्ट कोसळेल.’ (हायपरव्हायझर म्हणजे आभासी यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम, गेस्ट म्हणजे असं आभासी यंत्र, होस्ट म्हणजे ते चालवणारं मूळ यंत्र. पेज फॉल्ट म्हणजे पेज टेबलमध्ये, पत्त्यांचं भाषांतर करणाऱ्या तक्त्यात, पत्त्याची नोंद किंवा परवानगी नसल्याची प्रोसेसरची तक्रार.) या तिन्हींपैकी एकही विधान टिकत नाही. आणि यावर विसंबून लोक कोड लिहितात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हार्डवेअरच्या तपासणीचं बघू. गेस्टच्या आत दुसरा हायपरव्हायझर चालतोय आणि त्याने व्हीएमपीटीआरएलडी ही (आपल्या गेस्टची माहिती ठेवणारी व्हीएमसीएस नावाची रचना निवडणारी) इन्स्ट्रक्शन चालवली, असं समजा. इंटेलच्या प्रोसेसरवर व्हीएम-एक्झिट (गेस्ट थांबून ताबा हायपरव्हायझरकडे जाणं) होते ती प्रिव्हिलेज लेव्हल, म्हणजे कोडचे अधिकार, तपासण्याच्याही आधी. ऑपरंड (इन्स्ट्रक्शनला दिलेली माहिती) मेमरीतून वाचणं तर दूरच. बाहेरच्या हायपरव्हायझरच्या हाती तयार पत्ताही येत नाही, सुटे भाग येतात: बेस रजिस्टर कोणतं, इंडेक्स कोणता, कितीने गुणायचा, सेगमेंट कोणता, आणि वेगळ्या फील्डमध्ये डिस्प्लेसमेंट (त्यात मिळवायचा आकडा). बेरीज त्यानेच करायची, सेगमेंटची मर्यादा आणि प्रिव्हिलेजही त्यानेच तपासायचं.

एएमडीच्या काही प्रोसेसरांवर नेमकं उलटं घडतं. तिथे व्हीएमरनसारख्या (गेस्ट सुरू करणाऱ्या) इन्स्ट्रक्शनसाठी आरएएक्स रजिस्टरमधला पत्ता होस्टच्या राखीव मेमरीत पडतो का, हे इंटरसेप्ट (ही इन्स्ट्रक्शन अडवायची आहे का) बघण्याआधीच तपासलं जातं. गेस्टच्या दृष्टीने पत्ता अगदी योग्य असतो, पण तोच आकडा होस्टवर राखीव भागात मोडतो आणि एक्झिटऐवजी जनरल प्रोटेक्शन फॉल्ट (नियमभंगाची सर्वसाधारण तक्रार) उठतो. त्यामुळे २०२१ मध्ये केव्हीएमला (लिनक्स कर्नलमधल्या हायपरव्हायझरला) हा फॉल्टच पकडून, तो कोणत्या इन्स्ट्रक्शनमुळे आला ते ओळखून तिचं अनुकरण करण्याची सोय करावी लागली.

आता ‘पेज फॉल्ट द्यायचा’ हा भाग. ६४ बिटांच्या पत्त्यातले ४८ च वापरात असताना ४७ ते ६३ हे सगळे बिट सारखे नसतील, तर तो पत्ता कॅनॉनिकल नाही. असा पत्ता पेज टेबलपर्यंत पोचतच नाही. जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो, आणि सेगमेंट एसएस (स्टॅकचा) असेल तर स्टॅक फॉल्ट. तेही इन्स्ट्रक्शनगणिक बदलतं. इन्व्हएलपीजी, इन्व्हपीसीआयडी आणि इन्व्हव्हीपीआयडी या इन्स्ट्रक्शन प्रोसेसरने साठवलेली पत्त्यांची भाषांतरं पुसतात. असाच पत्ता इन्व्हएलपीजीला दिला तर काहीच होत नाही, ती निमूट पुढे जाते. इन्व्हपीसीआयडीला एकाच पत्त्याची नोंद काढायला सांगून तो दिला तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. इन्व्हव्हीपीआयडीला तसाच दिला तर एक्सेप्शनच (म्हणजे फॉल्टच) नाही, इन्स्ट्रक्शन अपयशी ठरून एरर क्रमांक २८ मिळतो.

व्हीएमपीटीआरएलडीमध्ये तर दोन पत्ते असतात, आणि गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. एक ऑपरंडचा पत्ता, दुसरा त्या जागी लिहून ठेवलेला फिजिकल पत्ता. पहिला बिघडला तर फॉल्ट. दुसरा ४०९६ च्या पटीत नसेल किंवा प्रोसेसरच्या फिजिकल रुंदीत बसत नसेल, तर फॉल्ट द्यायचाच नाही. झीरो फ्लॅग (निकाल सांगणारा प्रोसेसरमधला बिट) लावून एरर क्रमांक ९ नोंदवायचा, आणि चालू व्हीएमसीएसच नसेल तर नुसता कॅरी फ्लॅग लावायचा. आतला हायपरव्हायझर हेच फ्लॅग बघून पुढचं ठरवतो. तिथे पेज फॉल्ट टाकला, तर प्रत्यक्ष यंत्रावर कधीच न येणारी स्थिती आपण त्याच्यावर लादतो.

राहिलं ‘फार तर गेस्ट कोसळेल’. केव्हीएममधली सीव्हीई-२०१९-७२२२ (सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक) ही त्रुटी आठवा. गेस्टने व्हीएमएक्सऑन, व्हीएमक्लिअर, व्हीएमपीटीआरएलडी किंवा व्हीएमराइट या इन्स्ट्रक्शनला एमएमआयओचा (मेमरीसारखा दिसणारा, पण डिव्हाइसकडे नेणारा) पत्ता द्यायचा. पत्ता पेज टेबलमध्ये असतो, भाषांतर नीट होतं, पण तिथे रॅम नसते, एखादं डिव्हाइस असतं. वाचणारं फंक्शन ‘हे आयओ आहे’ असं सांगून परत यायचं. बोलावणारा कोड मात्र शून्य सोडून आलेलं प्रत्येक उत्तर फॉल्टच समजायचा आणि एक्सेप्शनची माहिती गेस्टकडे पाठवायचा. ती माहिती कुणी भरलेलीच नव्हती! होस्ट कर्नलच्या स्टॅकवर आधीपासून जे पडलेलं असे, तेच पेज फॉल्टच्या रूपात गेस्टच्या हाती जायचं. गेस्ट शाबूत, आणि गळती होस्टची.

पहिला उपाय एवढाच होता की ती जागा आधी शून्याने पुसून घ्यायची. गळती थांबली, तरी गेस्टला खोटा पेज फॉल्ट मिळतच होता. २०२० मध्ये दोन वाटा वेगळ्या केल्या गेल्या: खरा फॉल्ट असेल तरच तो गेस्टला द्यायचा, नाहीतर अनुकरण जमलं नाही असं सांगून क्यूईएमयूसारख्या युजरस्पेस (कर्नलबाहेर चालणाऱ्या) प्रोग्रॅमकडे बाहेर पडायचं.