समुद्र थांबला, पण शेती लगेच आली नाही

भातशेतीच्या सुरुवातीवरचा तुमचा लेख आवडला. पण ‘सुमारे 7000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढण्याचा वेग मंदावला, त्रिभुज प्रदेश तयार झाले आणि भातशेती सुरू झाली’ हे वाक्य मला फार सरळसोट वाटतं. चीनमधल्या यांगत्से नदीच्या मुखाजवळचाच पुरावा बघा. क्वाहुछियाओ या तिथल्या प्राचीन वस्तीत लोक त्याआधीच, जवळपास 8000 वर्षांपूर्वी, किनाऱ्यालगतच्या दलदलीतली झुडपं जाळून भात घेत होते. पुढे खारं पाणी आत शिरलं आणि ती वस्ती बुडाली.

त्यानंतरची, त्याच भागातली त्यानलोशानची वस्ती तर अजून बोलकी आहे. तिथे भाताबरोबर शिंगाडे, मखाना, ओकची फळं यांचे ढीग सापडले. म्हणजे भात हे तेव्हा अनेकांतलं एक अन्न होतं. पिकल्यावर दाणे आपोआप झडत नाहीत अशा, म्हणजे माणसाळलेल्या भाताचं प्रमाण तिथे साधारण 300 वर्षांत 27 टक्क्यांवरून 39 टक्क्यांवर गेलं. इतका संथ बदल! पिढ्यान्‌पिढ्या लोक रानात गोळा करतही होते आणि पेरतही होते. पर्यावरणाने संधी दिली हे खरंच, पण या माणसांच्या चिकाटीला लेखात जागा मिळायला हवी होती.

आणि त्याच भागातल्या लियांगझू या प्राचीन नगराचा उल्लेखच नाही, याचं वाईट वाटलं. सुमारे 5000 वर्षांपूर्वी तिथे मातीची धरणं बांधून पाणी अडवलं जात होतं. आपल्याकडे गोव्यातल्या खाजणांत (खाडीकाठच्या सखल शेतजमिनींत) बांध आणि मानशी (पाण्याची दारं) सांभाळून खारं पाणी रोखणाऱ्या, खारटपणा सोसणारा कोरगुट भात लावणाऱ्या शेतकऱ्यांना त्यामागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. पुढचा भाग लिहिणार असाल तर लियांगझूवर जरूर सविस्तर लिहा.